घ्या म्हणेपर्यंत

रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पुण्याहून पॉलचा फोन येतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पप्पा, जेवलात का?" घोडेगावातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात खाटेवर बसलेले हिवाळे गुरुजी तितक्याच नेमाने सांगतात, "जेवलो." कधीमधी ते खरं असतं, पण बहुतेक वेळा नसतंच. ताट वाढून समोर ठेवलेलं असतं, भाकरीचा एक पापुद्रा मोडलेला असतो आणि गुरुजी भिंतीकडे बघत बसलेले असतात. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत, खोटं बोलल्याबद्दल पोरांच्या हातावर छड्या ओढलेला हा माणूस रोज एकदा न चुकता खोटं बोलतो, आणि तेही पोटच्या पोराशी. सारा असती तर म्हणाली असती, "करा हात पुढं."

सारा म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

गिदोन हिवाळ्यांना एकट्याने जेवता येत नाही. हा काही लाडावलेपणा नव्हे, ही सवय आहे, आणि ती फार जुनी आहे. सात वर्षांचे असताना बापाने त्यांना कोल्हारजवळच्या वस्तीवरून नगरच्या मिशन बोर्डिंगात आणून सोडलं. तिथे दीडशे पोरं जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटल्या घेऊन ओळीने बसायची. शेवटच्या पोराच्या ताटलीत पडल्याशिवाय पहिल्याने घासाला हात लावायचा नाही, असा नियम. पोटात आग पडलेली असायची, समोर डाळ निवत असायची, पण सगळे थांबायचे. मग प्रार्थना व्हायची, वॉर्डन "घ्या" म्हणायचे, आणि दीडशे हात एकदम खाली जायचे. आई आठवून रडणाऱ्या पोरालासुद्धा त्या क्षणी आपण कुणाचे तरी आहोत असं वाटायचं. गुरुजींना तरी वाटायचं.

लग्न झाल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी साराला सांगितलं, की आपण दोघांनी बरोबर बसायचं. ती म्हणाली, "मग तव्यावरची भाकरी कोन देईल, तुमचा वॉर्डन?" पण हळूहळू तीही त्या वळणावर गेली. आधी सगळ्या भाकरी करून फडक्यात गुंडाळायची, मग ताटं वाढायची. प्रार्थना गुरुजी करायचे आणि "घ्या" ती म्हणायची. चाळीस वर्षं तिनेच म्हटलं.

चर्चमध्येही तेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्यासाठी लागणारा द्राक्षांचा रस गावातल्या चर्चला सारा घरी करून द्यायची. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करायच्या आणि पांढऱ्या मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायच्या. दारूचा थेंब त्यांच्या घरात कधी आला नाही, चर्चमध्येसुद्धा रसच. तो रस अंगठ्याएवढ्या पेल्यांतून तबकात घालून फिरायचा. प्रत्येकाने आपला पेला उजव्या हाताने घ्यायचा, डाव्या तळव्यावर धरायचा, मान खाली घालायची आणि पाळक "घ्या" म्हणेपर्यंत थांबायचं. मग सगळ्यांनी एकदम प्यायचा.

तर अशा माणसाने साराच्या मातीच्या दिवशी एक मोठी चूक केली. कबरस्तानात, चाळीसपन्नास माणसांच्या देखत, पॉल रडत रडत म्हणाला, "पप्पा, आता इथं एकटं राहू नका. पुण्याला चला." आणि गुरुजी ताठ उभे राहून म्हणाले, "सारा हितं हाय तवर मी हितून हालनार न्हाई." लोकांनी डोळे पुसले. पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेशात त्या वाक्याचा दाखला दिला. बायाबापड्या आपापल्या नवऱ्यांना टोचून दाखवू लागल्या, नवरा असावा तर गुरुजींसारखा. झालं! एवढी शाबासकी मिळाल्यावर शब्द मागे घेणार कसा? पंधरा दिवसांत गुरुजींना कळून चुकलं की सारा काही इथून हालणार नाही, हालायला हवं होतं ते त्यांनी. पण पॉलने पुन्हा विचारलं नाही. गुरुजी वाट बघत राहिले. पोराने दुसऱ्यांदा नुसतं "चला" म्हणावं, की चप्पल पायात सरकवायची, एवढीच तयारी ठेवून त्यांनी तीन वर्षं काढली.

म्हणून यंदा पॉल जेव्हा फोनवर म्हणाला, "पप्पा, सुट्टीत आम्ही इटलीला चाललोय, दहा दिवस. तुम्हीपण चला," तेव्हा गुरुजींनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला. पासपोर्ट, फोटो, बोटांचे ठसे असे सगळे सोपस्कार निमूट केले. मनात त्यांनी हिशेब जुळवला होता. दहा दिवस बरोबर राहिलो की आपली अडचण होत नाही हे पोराच्या लक्षात येईल, आपलाही संकोच मोडेल, आणि परतताना तो म्हणेल, आता कुठं जाता घोडेगावला. पॉलच्या नव्या फ्लॅटला तिसरी खोली होती हे त्यांनी दिवाळीतच बघून ठेवलं होतं. तिच्यात इस्त्रीचं टेबल होतं, तेवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी ते शेजारच्या वाल्मिककडे गेले. हा वाल्मिक बाजारात बैलांचे सौदे जुळवून देतो, म्हणजे माणूस समोर आला की त्याच्या दातांकडे आधी बघायची त्याला खोड. गुरुजींनी चिमी शेळी आणि चार कोंबड्या त्याच्या दावणीला नेऊन दिल्या.

"किती दिस सांभाळायची?" वाल्मिकने विचारलं.

"तुझीच समज. मी आता बहुतेक पोराकडंच ऱ्हाईन."

"बोलावलंय का त्यानं?"

"बोलावंल."

वाल्मिकने चिमीचं दावं हातात घेतलं. बैल विकायला आलेला शेतकरी जास्त बोलू लागला की तो गप्प बसतो, तसाच बसला.

मुंबईच्या विमानतळावर सूनबाईंनी गुरुजींची बॅग बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो पप्पा, दहा दिवसांसाठी एवढी मोठी बॅग? भरलंय काय हिच्यात?" भरलं होतं ते सगळंच होतं. हिवाळ्याचा स्वेटर, पेन्शनचे कागद, साराचा फोटो, आणि तिचं ते मनुका गाळायचं फडकं. गुरुजी म्हणाले, "थंडी असंल म्हनून."

आराधना, म्हणजे सून, मोठी हौशी. तिला देऊळ-राऊळ, पुतळे, राजवाडे यांच्यात फारसा रस नव्हता. तिचं म्हणणं असं, की तिकडे गावागणिक जेवण बदलतं, वाइन बदलते, ते चाखत फिरायचं. तिने वहीत गावांपुढे पदार्थ लिहून काढले होते. पॉल कंपनीच्या मेजवान्यांत वाइन शिकला होता. पेला हलवायचा, नाक खुपसायचं, मग घोट तोंडात खेळवायचा, हे सगळं तो इतक्या गंभीरपणे करायचा की गुरुजींना तो वर्गात कविता म्हणायला उभा राहायचा ते आठवलं. पहिल्या दिवशी पोराच्या हातात पेला बघून मात्र त्यांनी तोंड फिरवलं. घोडेगावात या गोष्टीला एकच शब्द आहे, दारू, आणि त्याच्यापुढे काही बोलायचं नसतं.

"पप्पा, घोटभर घेऊन तर बघा," पॉल म्हणाला.

"आपल्यात चालत न्हाई," गुरुजी म्हणाले. मग त्यांना वाटलं, आपण 'आपल्यात' म्हणतोय खरं, पण आता त्या आपल्यात आहे कोण? ते पाणी प्यायले.

मिलानला पिवळाधमक भात आला. केशराचा, पण गोड नाही आणि चांगला पातळसर. गुरुजींना तो आवडला असता. पण अडचण अशी झाली, की त्यांचा भात आधी आला, पॉलचं मटण दहा मिनिटांनी आलं, आराधनाचं काहीतरी त्याहून उशिरा, आणि तेरा वर्षांच्या हन्नाने, म्हणजे नातीने, पिझ्झा मागवून आईकडून बोलणी खाल्ली, तो सगळ्यात शेवटी. गुरुजी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"पप्पा, सुरू करा ना, गार होतंय."

"होऊ दे. सगळ्यांचं येऊ दे."

हन्नाचा पिझ्झा येईपर्यंत पॉलचं मटण संपत आलं होतं. मग प्रार्थना कुणासाठी करायची? गुरुजींनी ती मनातच केली आणि गार, घट्ट झालेला भात खाल्ला. दोनतीन दिवस असंच चाललं. चौघे एका टेबलाशी बसत आणि चारजण चार वेळांना जेवत. पॉल फोनवर पुढची तिकिटं बघे, हन्नाच्या कानात गाणी ऐकायची बोंडं असत, आराधना ताटाचे फोटो काढी. कुणी वाईट वागत नव्हतं. उलट आराधना त्यांच्या प्रत्येक पायरीला "जपून हं पप्पा" म्हणायची. पण घोडेगावच्या खाटेवर एकटं बसणं वेगळं आणि तीन माणसांच्या मधोमध एकटं बसणं वेगळं. घरी निदान भिंत तरी ओळखीची होती.

मग ते जेनोव्हाला आले, समुद्राकाठच्या मोठ्या बंदरात. तिथल्या एका बोळात लाकडाच्या भट्टीचं दुकान होतं. भट्टीत बैलगाडीच्या चाकाएवढी तांब्याची परात सरकवलेली, आणि परातीत पिवळं काहीतरी रटरटत होतं. गुरुजींच्या नाकाने ते आधी ओळखलं.

"आराधना," ते म्हणाले, "हे बेसन हाय."

"हरभऱ्याच्या पिठाचंच आहे, पप्पा! फारिनाता म्हणतात."

"म्हनू दे काय म्हनायचं ते. पिठलं भट्टीत घातलंय."

दुकानदाराने त्या एका परातीतले तुकडे कापून एका कागदावर ठेवले आणि कागद मध्ये सरकवला. ताटं नाहीत, वेगवेगळे पदार्थ नाहीत. चौघे त्या कागदाभोवती उभे राहिले. गुरुजींनी सगळ्यांच्या हातात तुकडा येईपर्यंत बाकीच्यांना थांबवलं, आणि चौघांनी एकदम दात लावले. कडेला कुरकुरीत, आत मऊ, वर मिरपूड. हन्नाने कानातली बोंडं काढली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या हातचं पिठलं असंच लागतं." गुरुजींनी आणखी दोन कागद भरून घ्यायला लावले. सारा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी पोटभर खाल्लं, आणि बोटं चाटली.

त्या दिवसापासून त्यांना खात्रीच पटली. आता पॉल विचारणार.

शेवटच्या दिवशी दुपारी आराधनाने एका म्हाताऱ्या बाईच्या घरी जेवण ठरवलं होतं. समुद्रावर तुटलेला डोंगर, आणि त्या डोंगराला पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसत्या दगडांच्या ताली घातलेल्या. चुना नाही, माती नाही, दगडात दगड बसवलेला. पारनेरकडे उतारावर माती धरून ठेवायला घालतात तशाच. फक्त तिकडे बाजरी, इकडे द्राक्षाचे वेल. त्या बाईचं नाव पिएरा. वय गुरुजींएवढंच असेल, पण त्या ताली ती तुरुतुरु चढून गेली. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली तिने मेज लावलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आराधनाने मोबाईल भाषांतराला लावून मेजाच्या मधोमध ठेवला. म्हातारी तिच्या भाषेत बोलायची आणि मोबाईल आकाशवाणीच्या थाटात शुद्ध मराठीत सांगायचा, "आपले आगमन आम्हांस आनंददायक आहे."

गंमत म्हणजे पिएराबाई सगळ्यांची ताटं भरल्याशिवाय कुणाला हात लावू देत नव्हती. हन्नाने पावाचा तुकडा उचलला तर तिने तिच्या मनगटावर हलकेच चापट मारली. गुरुजींना बाई फार पसंत पडली. पहिल्यांदा ताटात आल्या पिवळ्या वड्या, थापून कापलेल्या, वर तेल आणि लिंबू.

"पाटवडी!" गुरुजी जवळजवळ ओरडलेच. "खोबरं-कोथिंबीर तेवढी राहिली."

आराधना हसून हसून बेजार झाली. तिने ते मोबाईलला सांगितलं, मोबाईलने म्हातारीला सांगितलं, म्हातारी उठली आणि आतून कसलासा हिरवा पाला आणून गुरुजींच्या वड्यांवर चिरून टाकला. मग पाल्याच्याच हिरव्या चटणीत घोळलेल्या, बटाटा आणि घेवड्याच्या शेंगा घातलेल्या पिठाच्या वळ्या आल्या. मग भरलेले छोटे मासे आले. गुरुजींनी सगळं खाल्लं. पॉल आणि आराधना तिथली पांढरी वाइन पीत होती, समुद्र खाली चकाकत होता, आणि पॉलने बोलता बोलता बापाच्या खांद्यावर हात टाकला होता. लहानपणी सायकलवर मागे बसून टाकायचा तसा. तो हात खांद्यावर असेपर्यंत गुरुजी हालले नाहीत.

तेवढ्यात पिएराबाईने त्यांच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. मोबाईल म्हणाला, "हे वृद्ध गृहस्थ आपल्यासमवेत निवास करतात काय?"

प्रश्न आपणहून चालून आला होता, सातासमुद्रापलीकडच्या बाईच्या तोंडून. गुरुजींनी पॉलकडे बघितलं नाही. समोरच्या मिठाच्या भांड्याकडे बघत बसले.

पॉल मोबाईलकडे वाकला आणि सावकाश, अभिमानाने बोलला, "नाही. माझे वडील गाव सोडत नाहीत. माझी आई तिथे पुरलेली आहे. तिला सोडून येणार नाही, असा त्यांनी शब्द दिलाय. तीन वर्षं झाली, एकटे राहतात. आमच्या भागात लोक त्यांचं उदाहरण देतात."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, की पॉल, मी तो शब्द उगाच दिला रे. जीभ उचललीसुद्धा. पण मोबाईल तोवर ते इटालियनमध्ये सांगून मोकळा झाला होता, म्हातारीने छातीवर हात ठेवला होता, तिचे डोळे भरले होते आणि आराधना, हन्ना, पॉल तिघंही त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. अशा वेळी मोठेपणाचा सदरा अंगातून काढायचा म्हणजे चारचौघांत उघडं व्हायचं. गुरुजींनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले.

पिएराबाई उठून आत गेली आणि एक बुटकी बाटली घेऊन आली. आराधनाने हळूच सांगितलं, की ही वाइन इथले लोक वाटेल त्याला देत नाहीत; द्राक्षं सावलीत सुकवून, पार मनुका झाल्यावर त्यांचा रस काढतात. बाईने तबकात अंगठ्याएवढे पाच पेले मांडले, भरले आणि तबक एकेकापुढे फिरवलं. ती काहीतरी बोलली. मोबाईल म्हणाला, "निष्ठावान पतीच्या सन्मानार्थ."

तबक गुरुजींसमोर आलं. तांबूस रंग, चिमुकला पेला. त्यांचा उजवा हात आपोआप वर झाला, पेला उचलला, डाव्या तळव्यावर धरला. मान खाली गेली. डोळे मिटले. आणि ते थांबले.

बाकीच्यांचे पेले एकमेकांना लागून केव्हाच रिकामे झाले. हन्नाला तेवढा कडेने एक थेंब मिळाला होता, तोही तिने चाटून संपवला. हन्ना पुटपुटली, "आजोबा काय करतायत?" म्हातारी गोंधळून आराधनाकडे बघू लागली. गुरुजी तसेच. त्यांना कळत होतं, आपण चुकलोय, हे चर्च नाही, ही दारू आहे, पण आता डोळे उघडून पेला खाली कसा ठेवायचा ते सुचेना.

मग पॉलचा आवाज आला, अगदी हळू, गावाकडच्या चर्चमध्ये बाकावर शेजारी बसलेल्या पोराचा. "घ्या, पप्पा."

गुरुजींनी घेतलं. जिभेवर आधी गोडी आली, मग भिजलेल्या मनुकांचा तो वास, आणि शेवटी उकळताना तळाला किंचित लागल्याची चव. सारा नेहमी एक चटका जास्तच द्यायची. कितीदा सांगितलं तरी ऐकायची नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

पॉलने त्यांना जवळ घेतलं. "आईची आठवण आली ना?" तो म्हणाला. "म्हणून तर मी तुम्हाला कधी चला म्हणत नाही, पप्पा. तुम्हाला तिथून हालवणं म्हणजे पाप आहे."

गुरुजी पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिले. सगळ्यांना ते साराबद्दल वाटलं. अर्धं होतंही.

परत आल्यावर पुण्यात एक रात्र त्या तिसऱ्या खोलीत काढली. आराधनाने त्यांच्यासाठी इस्त्रीचं टेबल दुमडून भिंतीला लावलं होतं आणि गादीवर धुतलेली चादर अंथरली होती. सकाळी गुरुजींनी चादर घडी करून ठेवली. पॉलने स्टँडवर नेऊन संभाजीनगरच्या एसटीत बसवलं, बॅग वर चढवताना म्हणाला, "बापरे, उघडली तरी का ही?" गुरुजी खिडकीशी बसले. नगर गेलं, आणि घोडेगावच्या फाट्यावर ते एवढी मोठी बॅग घेऊन एकटे उतरले.

घरात कोंदट वास होता. त्यांनी साराचा फोटो पुन्हा खिळ्याला लावला, फडकं फडताळात ठेवलं. वाल्मिकला तोंड कसं दाखवायचं याचीच चिंता होती. पण दिवस कलताना वाल्मिक आपणहून आला, चिमीचं दावं अंगणातल्या जुन्या खुंटीला बांधलं, कोंबड्यांची पाटी पालथी घातली.

"दूध कमी झालंय तिचं," तो म्हणाला. "जागा बदलली की आसंच हुतं." एवढंच बोलून तो गेला. बैलबाजारात असला तरी माणूस भला.

गुरुजींनी बाजरीची भाकरी थापली, पिठलं केलं. ताट वाढलं आणि समोर घेऊन बसले. वाफ येत होती ती थांबली. साडेसातला फोन वाजला.

"पप्पा, नीट पोचलात ना? जेवलात का?"

जेवलो, हा शब्द तीन वर्षांत इतका गुळगुळीत झाला होता की तो ओठापर्यंत आपला आपण घरंगळत आला. गुरुजींनी तो गिळला.

"न्हाई," ते म्हणाले.

"का? बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. ताट वाढून बसलोय. पन मला एकट्याला जेवन जात न्हाई, पॉल. तीन वरसं झाली, तू रोज इचारतो आन् मी रोज खोटं सांगतो." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मातीच्या दिशी मी जे बोललो ते मागं घेतो. सारा हितंच हाय, ती कुटं जात न्हाई. मला न्या तुमच्याकडं."

पलीकडे पॉलने घसा साफ केला. पॉल वाईट नाही, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे. पण बापाच्या मोठेपणाची त्यालाही सवय झाली होती, आणि ती सवय सोयीची होती, हे त्याला त्याच क्षणी कळत असावं. "पप्पा," तो म्हणाला, "मला माहीतच नव्हतं. ... बघू आपण. म्हणजे, आराधनाशी बोलतो. हन्नाची शाळा, ती खोली... दिवाळीपर्यंत काहीतरी बघू. नक्की बघू."

बघू. गुरुजींनी हा शब्द हजार पालकांना ऐकवला होता, त्यांना त्याचं वजन ठाऊक होतं. दारात चिमी दावं ओढत होती.

"बघा," ते म्हणाले. "घाई न्हाई. तवर एक कर. जेवलात का म्हनून इचारत जाऊ नको. तुमची ताटं वाढली की मग फोन कर."

"आत्ता वाढतेच आहे आराधना."

"मंग थांबतो मी."

पॉलने फोन टेबलावर ठेवला असावा. ताटं मांडल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं, मग तिसरं. हन्ना काहीतरी विचारत होती आणि आराधना तिला दबक्या आवाजात गप्प करत होती. खुर्च्या सरकल्या. गुरुजींनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली, मोठ्याने, चौघांसाठी. तिकडून तिघांचं "आमेन" आलं, एकदम नव्हे, मागेपुढे.

"घ्या, पप्पा," पॉल म्हणाला.

भाकरी गार होऊन वातड झाली होती. गुरुजींनी ती सगळी खाल्ली.